नियमाबाहेरचा हात

रानात चोरट्यांनी वाघीण मारली आणि तिची बछडी आमच्या गावच्या मठात आली. मादी. आमच्याकडे भिक्खू बाईला शिवत नाहीत, आणि या मठातले तर इतके कडक की मांजरीलाही हात लावत नाहीत. त्यामुळे बछडीची सगळी उठाठेव सेवेकरी करायचा. तो काय काय करतो हे कुणी नीट पाहिलं नव्हतं, आणि काल तो जनावरांचा डॉक्टर आणायला कांचनाबुरी शहरात गेला. आता थानोम नावाचे तरुण भिक्खू लांबूनच बाटली पुढे करत होते आणि ती तोंड फिरवत होती.

सकाळी मी मठात भात घेऊन गेले तेव्हा माझी तान्ही इम कडेवर होती. लेकीचं पोट सारखं चाचपायची मला खोड. बछडीचं पोट लगेच डोळ्यांत भरलं. टम्म फुगलेलं. मांजरीनं चाटल्याशिवाय तिची पिल्लं मोकळी होत नाहीत, तसंच हे. ओल्या फडक्यानं खालून चोळा, नाहीतर ही संध्याकाळ बघत नाही, असं मी सांगितलं.

सांगितलं खरं, पण हात पुढे होईना. रानातलं जनावर. कसले जंत, कसला ताप, आणि हेच हात घरी इमला लावायचे.

थोरले भिक्खू, आमचे लुआंग पो, यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मागितलं काहीच नाही. कोमट पाण्यात फडकं पिळलं आणि बछडीला मांडीवर घेतलं.

थानोम पुटपुटले, "लुआंग पो, मादी आहे ती."

"दिसतंय मला. मरायला टेकलीय, तेही दिसतंय."

थोड्या वेळानं त्यांचं वस्त्र भिजलं. बछडी केकाटली आणि मग बाटलीला लुचली ती सोडेचना.

त्यानंतर ऐंशीच्या घरातला तो माणूस नातवाच्या वयाच्या थानोमसमोर गुडघे टेकून बसला आणि मादीला स्पर्श केल्याची कबुली दिली. "यापुढे संयम ठेवा," असं रीतीप्रमाणे थानोमना म्हणावंच लागलं. बिचाऱ्यांना मान वर करवेना.

"ठेवीन," लुआंग पो म्हणाले.

त्यांनी शब्द मोडलेला गावानं पाहिलेला नाही. आणि बछडीला तर दर दुधाला चोळावं लागणार.

मी इमला चटईवर निजवलं. "पुढचं माझ्याकडे. साबण तेवढा ठेवा."

"दोन वड्या ठेवतो, पोरी."

माझ्या हातात काही देता येत नाही म्हणून त्यांनी जमिनीवर कापड पसरलं, बछडी त्यावर ठेवली आणि हात काढून घेतला. मी तिला उचललं. अंगानं चांगलीच गरम होती, आणि वाटलं होतं त्याहून जड.