तान्ह्या पोळ्याचा बैल

"मी मेली म्हणून लिवून दे, बाई," पार्वताबाई म्हणाली आणि पिशवीतला लाकडी बैल तिने टेबलावर ठेवला.

दीप्तीच्या हातातला पेन थांबला. गोंदियातल्या या अनाथालयात ती नऊ वर्षं कारकून होती. दर तान्ह्या पोळ्याला, गावभर पोरं आपापले लाकडी बैल मिरवत असताना, ही बाई दरेकशाहून पॅसेंजरने यायची आणि फाटकावर एक बैल ठेवून जायची. आपल्या रिंकीसाठी. रिंकी दोन वर्षांची असतानाच स्पेनला दत्तक गेली होती, हे माहीत असूनही.

आज पहिल्यांदाच दीप्तीने तिला आत बोलावलं होतं. आषाढात रिंकीचं स्पॅनिश पत्र आलं होतं, ते तिला मराठीत वाचून दाखवलं होतं. चौदाव्या वर्षात होती ती आता. 'माझ्या आईला मी नकोच होते का?' एवढंच विचारलं होतं. खाली दत्तक आईने लिहिलं होतं, 'ही धड जेवत नाही, बोलत नाही. काहीही कळवा, पण कळवा.'

"समोर जिवंत बसल्या आहात, अन् मेल्या म्हणून लिहू? काऊन?"

"मेल्या मायवर पोरगी राग नाई धरत. जिती हाये म्हणशीन, तं विचारन ना ते, मले वापस काऊन नाई नेली? मंग काय सांगशीन? बाप पळाला, छातीत दूध नव्हता, अन् दुसऱ्या नवऱ्याच्या घरी गेली तं पोर लपवली? तिथं दोन पोरं हायेत मले. त्याहिले मालूम नाई." तिने पदराने तोंड पुसलं. "लिव जल्दी. साडेतीनची गाडी हाये."

"दीप्ती, आजच्या टपालात गेलंच पाहिजे हं!" आतून अधीक्षिका सुशीलाबाईंचा आवाज आला. "दोनच ओळी. नाव नको, गाव नको."

दीप्तीने लिहिलं. मुलं न्यायला आलेल्या एका स्पॅनिश बाईने मागे ठेवलेल्या पुस्तकातून, स्वतःच्या लेकीला मांडीवर थोपटत, ती ही भाषा शिकली होती. तिथे साधे भूतकाळ दोन. एक घडून संपलेल्याचा, दार लावून घेणारा. दुसरा 'यायची, करायची' असा, शेवट कुठे झाला ते न सांगणारा. तिने पहिला घेतला.

"वाचून दाखव, बाई."

"मुरिओ. म्हणजे मेली."

"मुरिओ," पार्वताबाईने शब्द तोंडात घोळवून पाहिला. "जराशाक हाये व. एवढ्यातच मेली मी?" आणि हसली. ते हसू दीप्तीला पाहवेना. ती उठली आणि तिने कपाट उघडलं.

खालच्या फळीवर तेरा बैल ओळीने उभे होते. पार्वताबाई जवळ आली.

"ठेवले तुमीनं? मले वाटे, चुलीत घालत असान."

कडेचा पहिला बैल दीप्तीने तिच्या हातात दिला. त्याच्या कानावर बारीक खड्डे होते. "दात येत होते तिला तेव्हा. जुन्या आया सांगायच्या, हातातून सोडायचीच नाही."

पार्वताबाईने त्या खड्ड्यांवर अंगठा ठेवला. बराच वेळ तो तिथून हलला नाही. मग तिने बैल जागेवर ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

"मेली म्हणूनच लिव पण. माह्या गळ्याची किरिया हाये तुले."

फाटकापर्यंत जाऊन ती वळली. "बाई, पुढच्या साली चाकाचा आणीन. मोठी झाली ना आता. बिनचाकाचा काय खेळन ते?"

दीप्ती खुर्चीत येऊन बसली. पोस्टमन यायला थोडा वेळ होता. तिने कागद फाडला आणि नव्यावर दोनच ओळी लिहिल्या. 'तुझी आई दर वर्षी तुझ्यासाठी एक लाकडी बैल आणायची. तिचा तुझ्यावर फार जीव होता.' दोन्ही ओळी दुसऱ्या भूतकाळात. मेली असं त्यात कुठे नव्हतं, जिवंत आहे असंही नव्हतं. कान कुरतडलेला बैल तिने जुन्या झबल्यात गुंडाळून पत्राबरोबर खोक्यात ठेवला. त्यात कुठेही ना आईचं नाव होतं, ना गाव.

टपाल गेल्यावर ती पुन्हा कपाटाशी बसली. आजचा बैल तिने ओळीत शेवटी उभा केला. मग सगळे बैल एकेक करून डावीकडे सरकवले आणि उजव्या कडेला, चाकांसकट मावेल एवढी जागा मोकळी ठेवली.