कोठीतला दुसरा चमचा

बादलीत चमचे दोन होते, आणि चव घ्यायला आचारी एकटाच कोठीत गेला होता.

मालकिणीने पुन्हा वाकून पाहिलं. उकळत्या पाण्याची ही बादली तिनेच कोठीच्या दाराशी ठेवली होती. नियमही तिचाच होता. हॉटेल पुन्हा उघडायचं तर स्वयंपाकघरात कोणाच्याही तोंडावरचा मास्क उतरता कामा नये. चव तर घ्यावीच लागते, तेव्हा आचाऱ्याने वाटीत थोडं काढून घ्यायचं, मागच्या कोठीत जायचं, दार लावून घ्यायचं, तिथे एकट्याने मास्क उतरवून चाखायचं आणि बाहेर येताना चमचा थेट उकळत्या पाण्यात टाकायचा. नियम करताना तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं. आता त्याच बंद दाराने तिची झोप उडवली होती.

एका तोंडाला दोन चमचे कशाला लागतात? आत आणखी कोणीतरी होतं, एवढं नक्की.

तिचा स्वभाव मुळात संशयी होता असं नाही. नवरा होता तोवर ती गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी हसतखेळत बोलायची आणि स्वयंपाकघरात काय शिजतं याची चौकशी फक्त जेवायला बसल्यावर करायची. पण नवरा साथीच्या पहिल्याच लाटेत गेला. धडधाकट माणूस, आठवड्यात होत्याचा नव्हता झाला. तोच आजार सासऱ्यांनाही झाला होता. ते वाचले, पण त्यांची फुप्फुसं निम्मीच उरली. पुन्हा लागण झाली तर आमच्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. जगात तिचं म्हणावं असं आता हे एकच माणूस होतं. हॉटेलच्या डोक्यावरच त्यांचं घर होतं. वरच्या खोलीत तिने त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. कोठीतून वर जाणाऱ्या आतल्या जिन्याला तिने कडी घातली होती आणि जेवणाचं ताट रोज ती स्वतः नेऊन द्यायची.

त्यामुळे खाली जो कोणी खोकेल, शिंकेल, नुसता नाक चोळेल, तो तिला वैरी वाटायचा. सकाळी दाराशी उभी राहून ती प्रत्येकाच्या कपाळावर ते ताप मोजायचं पिस्तूल रोखायची आणि विचारायची, वास येतो ना, चव लागते ना? आचाऱ्याने पहिल्याच दिवशी मान हलवून सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. ते जरा जास्तच झटपट सांगितलं, असं तिला आता वाटू लागलं.

आणि मग एकेक गोष्ट नजरेत भरायला लागली. पूर्वी हा माणूस रस्सा तळहातावर घेऊन चाटायचा आणि जीभ अशी वाजवायचा की बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकाची भूक चाळवावी. आता कोठीतून जिभेचा आवाज ऐकू येत नव्हता, हळू आवाजातली कुजबुज मात्र यायची. परवा त्याच्या पायाशी फिनेलची बाटली फुटली, बाकीच्यांनी नाकं दाबली, आणि हा पठ्ठ्या शांतपणे कांदा चिरत राहिला. त्याला वास येत नव्हता. म्हणजे हा आजारी होता, किंवा कोठीत कोणा आजाऱ्याला लपवून जेवू घालत होता. कदाचित दोन्ही.

वेटरला तिने खोदून खोदून विचारलं. हा वेटर एवढा उंच की सगळे त्याला लंबू म्हणत. एरवी तो न विचारता गावभरच्या बातम्या द्यायचा. कोठीचं नाव काढताच त्याला टेबलं पुसायची आठवण झाली. नव्या नियमाप्रमाणे दूर दूर मांडलेली ती टेबलं त्याने नुकतीच पुसली होती. ताकास तूर लागू देत नव्हता. म्हणजे हाही त्यांना सामील होता.

आचाऱ्याला तिथल्या तिथे घरी पाठवावं असं तिच्या मनात आलं. पण आदल्याच दिवशी रंगीत तालीम म्हणून सगळ्यांसाठी त्याने स्वयंपाक केला होता आणि तो इतका फक्कड जमला होता की लंबूने भांडं पुसून खाल्लं. ज्याला वास येत नाही तो असं कसं रांधेल? तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी तिने ठरवलं, उघडायच्या दिवशी सकाळीच याचा सोक्षमोक्ष लावायचा.

त्या सकाळी शेगडीवर हाडांचं सूप उकळत होतं. हे सूप सासऱ्यांनी तरुणपणी बसवलेलं. त्याच्या जिवावर हे हॉटेल उभं राहिलं होतं. आचारी वाटी घेऊन कोठीत गेला, बाहेर आला, पातेल्यात मीठ टाकलं. पुन्हा आत गेला, पुन्हा येऊन मीठ टाकलं. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा त्याने दार लावलं तेव्हा तिने ते सरळ ढकललं.

आत जिन्याची कडी निघालेली होती. बटाट्याच्या पोत्यावर सासरे बसले होते, मास्क हनुवटीवर आणि हातात चमचा. समोर आचारी अदबीने वाटी धरून उभा होता.

“आता जमलं,” सासरे समाधानाने म्हणत होते. “आता वाढायला हरकत नाही.”

तिला पाहून आचारी वाटी घेऊन मागे सरकला. सासरे मात्र लपवलेली गोळी खाताना पकडलेल्या पोरासारखे हसले. त्या हसण्याने तिचं डोकं आणखी फिरलं. जे माणूस वाचवायला ती जगाशी भांडत होती, ते तिच्या नाकाखाली दुसऱ्याच्या तोंडाशी तोंड आणून बसलं होतं.

“काका, यांना काही झालं तर मी कोणाकडे बघायचं?” ती आचाऱ्याला म्हणाली. “तुम्हाला सगळं माहीत असताना?”

आचारी खाली बघतच बोलला. बंदच्या काळात घरी असताना त्याला ताप आला होता. ताप गेला, त्यालाही आता कितीतरी महिने झाले, पण चव काही परत आली नाही. गोड नाही, तिखट नाही, तोंडात माती घातली तरी कळणार नाही. हे कळलं तर आचारी म्हणून त्याला कोण उभं करणार? म्हणून तो मोठ्या मालकांकडे गेला होता.

“मग दोन चमचे?” तिने विचारलं.

“एक यांना. एक मी रोज माझ्यासाठी नेतो, वहिनी. वाटतं, आज लागेल.”

वर खोलीत बसून भिंतींकडे किती वेळ बघायचं, सासऱ्यांनी विचारलं. मुलगा गेला, माणसं तुटली, खिडकीतून रस्ता दिसतो तोही रिकामा. इथे निदान कोणीतरी त्यांना विचारत होतं, मीठ बरोबर आहे का म्हणून. त्याची जीभ गेली, माझी आहे ना अजून, असं म्हणून त्यांनी चमचा उंचावला.

तिचा राग ओसरला. तिला स्वतःची लाजही वाटली, कारण त्यांच्या जिवाला जपताना त्यांच्याशी दोन शब्द बोलायचं तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. ताट ठेवायचं, औषध विचारायचं आणि निघायचं. आजपासून मागच्या अंगणात, मोकळ्या हवेत तुमची खुर्ची टाकू, ती म्हणाली. चव तुम्हीच बघा, पण दूर बसून. आचाऱ्याने डोळे पुसले. बाहेरून लंबूने आवाज दिला की दाराशी पहिली गिऱ्हाइकं येऊन थांबलीत, पाटी फिरवू का?

“थांब जरा,” ती म्हणाली. मालकीण म्हणून पहिल्या दिवशी आपणही चाखावं, एवढंच तिच्या मनात होतं. तिने कोरा चमचा घेतला, मास्क खाली केला आणि सूप तोंडात घातलं.

ते तिला गिळवेना. मिठाने जीभ सोलून निघाली. हे सूप कोणाच्याही घशाखाली उतरलं नसतं.

तालमीचा स्वयंपाक सासऱ्यांच्या याच जिभेने चाखला होता आणि तो उत्तम होता. आज याच जिभेने तीनदा मीठ मागितलं होतं आणि वर जमलं म्हणून सांगितलं होतं. म्हणजे आता त्यांचीही चव गेली होती. कोणाकडून आलं हे? आचारी महिन्यांपूर्वीच बरा झाला होता. लंबू कधी वर गेला नव्हता. बाजारात, परवान्याच्या कचेरीत, चार माणसांत फिरून रोज ताट घेऊन वर जाणारी ती एकटी होती, आणि सगळ्यांच्या कपाळावर पिस्तूल रोखणाऱ्या तिचं कपाळ कोणी तपासलं नव्हतं.

सासरे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. उभा जन्म त्यांनी चमचा तोंडात घेतलेल्या माणसांचे चेहरे वाचले होते.

“जास्त झालंय का?” त्यांनी विचारलं.

तिने चमचा पाठीमागे नेला. त्यांना कळलं. त्यांनी चमचा वाटीत ठेवला, मास्क नीट नाकावर ओढला आणि पोत्यावरून उठून जिना चढायला लागले. ती मागे धावली तेव्हा त्यांनी न वळता हात मागे करून तिला थांबवलं. मग वरच्या खोलीचं दार लागलं.

आचाऱ्याने विचारलं, सूप ओतून देऊ का. ओता, ती म्हणाली, सगळंच ओता. गिऱ्हाइकांना घरी पाठव, असं तिने लंबूला सांगितलं. कशालाही हात न लावता दोघांनीही तपासणी करून घ्यायची होती. मग तिने डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून ते ‘निघतोच’ म्हणाले, आणि ती जिना चढून बंद दाराशी गेली.

“बाबा, दार उघडा. मी आत येते.”

“नाही उघडणार,” आतून आवाज आला. “तू एकटीच राहिलीयस मला.”

ती वरच्या पायरीवर बसली आणि भिंतीला डोकं टेकून रडू लागली. मग दाराच्या अगदी जवळून त्यांनी विचारलं, “गेलीस का?”

“नाही, इथेच आहे.”

“मग बोल काहीतरी,” ते म्हणाले. “मी ऐकतोय.”