आत्तीचा दुसरा डोळा

"आत्ती, डोळा उघडा ठेवूनच ऑपरेशन करत्यात न्हवं? मग सुरी येताना दिसली काय गं?"

मला हे विचारायला जमणारच नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. मी कसली भितेय! आत्ती म्हणजे आप्पांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहते. मोतीबिंदूचा एक डोळा झाला होता, सोमवारी दुसरा व्हायचा होता.

"कुठली सुरी, बया! नुसता उजेड," आत्ती हसली. "मग सगळं निळं झालं, त्यात गुलाबी रंग फिराय लागला. लई देखणं. मधनंमधनं गार पाणी सोडत होते."

"आणि दुखलं?"

"दुखलं की. शेवटाला लईच. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, मी न्हाय म्हणाले."

"का गं?"

"दीक्षेच्या दिवशी गोमटेशनं डोक्यावरचे केस हातानं उपटले. रक्त आलं, पण हूं की चूं केलं न्हाय त्यानं. मी समोरच बसलेली. त्याची आई असून मी एवढ्याला ओरडू?" मग तिनं जीभ चावली. "गोमटेश न्हवं. महाराज."

एकुलता एक मुलगा जैन मुनी झालेला, आणि आता तिला त्याला नावानं हाकसुद्धा मारता येत नाही. पैज जिंकूनही मैत्रिणींना काय सांगावं, ते मला कळेना.

दिवस मावळायच्या आत जेवायला बसलो, तेव्हा मी आई-आप्पांना सांगून टाकलं, "सोमवारी मी शाळेला जाणार न्हाय. चाचणी बुडू दे. आत्तीसंगं बेळगावच्या दवाखान्यात मी जाणार, आणि ती न्हाय म्हणाली तरी तिला दुखतं, हे डॉक्टरांना आधीच सांगणार."