पडद्याची पलीकडची बाजू

धाकट्याने मोठ्या थाटात टीव्हीवर बाबांचे जुने फोटो लावले आणि थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. आईच्या डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर जाऊन बसला होता. मागची दुकानं, पूल, पाट्या, सगळंच आरशात बघितल्यासारखं.

"अरे, उलटं आहे हे."

"पाट्या परक्या भाषेतल्या, ताई. उलट्या काय नि सुलट्या काय, कुणाला कळतंय?"

"मला कळतंय. मूळ स्लाइड कुठायत?"

"स्टुडिओत. टाकून द्या म्हटलं त्यांना. कॉम्प्युटरवर सगळं आलंय, मग घरात पसारा कशाला?"

बाबांनी जन्मभर रजा साठवून प्रवास केला, फोटो काढले. ते गेल्यावर त्या स्लाइड थोरलीने जिवापाड जपल्या. ती कामासाठी चार दिवस बाहेरगावी काय गेली, या दीडशहाण्याने कपाट रिकामं केलं. तिने पायात चपला सरकवल्या आणि तरातरा स्टुडिओ गाठला.

डबे मागच्या दाराशी कचऱ्याच्या पिशव्यांना टेकून पडले होते. अजून गाडी आली नव्हती म्हणून वाचले. थोरलीने स्टुडिओवाल्याला फैलावर घेतलं, तर तोही काही कमी नव्हता.

"कोपऱ्यातला ठिपका बघून स्लाइड लावायची असते, बाई. आम्ही तशीच लावली. तुमच्या वडिलांनीच ठिपके चुकीच्या बाजूला दिले, त्याला आम्ही काय करणार?"

"त्यांच्यावर ढकलू नका. स्क्रूच्या खाचासुद्धा एका रेषेत आणायचा तो माणूस."

तिने एक स्लाइड ट्यूबलाइटसमोर धरली. ठिपका खरंच चुकीच्या बाजूला होता. दुसरीवरही. मग तिने डबाच उपडा केला. एकूण एक ठिपका चुकलेला. एवढं नेमाने चुकणारा माणूस तिचा बाप नव्हता.

आणि मग तिला जुनं घर आठवलं. खोली एवढीशी, की प्रोजेक्टर आत ठेवला तर चित्र हातरुमालाएवढं पडायचं. म्हणून बाबा प्रोजेक्टर स्वयंपाकघरात स्टुलावर ठेवायचे आणि मधल्या दारात पांढरी चादर ताणून बांधायचे. बाकीचे सगळे खोलीत, चादरीच्या या बाजूला. या बाजूला सरळ दिसायचं तर त्या बाजूने उलटं लावायला हवं. ठिपके त्यासाठी होते. चादरीमागून त्यांचा आवाज तेवढा यायचा, "आता डोंगर बघा."

म्हणजे हौस त्यांची, पायपीट त्यांची, आणि स्वतःच काढलेले फोटो ते उलटे बघत राहिले.

डबे छातीशी धरून ती घरी आली. आई आणि धाकटा अजून टीव्हीसमोरच होते. तिने सगळं सांगितलं.

"एवढंच ना?" धाकटा म्हणाला. "एक बटण दाबलं की सरळ होतं. उगाच आकांडतांडव तुझं."

"दाब. पण हे उलटंही असंच ठेवायचं. पुसलंस तर गाठ माझ्याशी आहे."

"उलटं कशाला?"

"बाबांना असंच दिसायचं म्हणून. आपण मजेत पाय पसरून बसायचो, आणि एकाच्याही तोंडून कधी निघालं नाही, की बाबा, तुम्ही इकडे या."

"मी म्हटलं होतं एकदा," आई टीव्हीकडेच बघत म्हणाली. "तर म्हणाले, मग स्लाइड कोण बदलणार?"

बदलायला धाकटा होता, ती स्वतः होती. थोरलीचं टाळकं पुन्हा सणकलं, पण या वेळी राग कुणावर काढायचा हे तिला कळेना.