हुंगायचे पोते

मित्रांनो, ही २०२२ सालची गोष्ट आहे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात माझा दुसरा जन्म झाला. पहिल्या जन्मी मी तांदळाचे एक साधे तरटाचे पोते होते. कुहीच्या एका गिरणीत माझ्या पोटात तांदूळ भरला, तोंड सुतळीने शिवले आणि मला नागपूरला हिंगणा रस्त्यावरच्या एका निवाऱ्यात पाठवले. गाडीखाली आलेली, रस्त्यावर सापडलेली, घरच्यांनी नकोशी झाली म्हणून सोडलेली कुत्री तिथे राहत. त्यांच्या भाताचा तो तांदूळ होता. तांदूळ संपल्यावर पोत्याचे काय होते, हे तुम्ही पाहिलेच असेल. ते दाराशी पाय पुसायला टाकतात. मीही महिनाभर पाय पुसले आणि आपले आयुष्य आता एवढेच, असे धरून चालले.

मला तिथून भीमाबाईंनी उचलले. भीमाबाई निवाऱ्याच्या स्वयंपाकघरात भात रांधत. बासष्ट वर्षांच्या होत्या, गुडघे दुखत, पण एकेका कुत्र्याचे नाव, खाणे आणि खोड त्यांना पाठ होती. आणि पायल नावाची एक मुलगी आठवड्यातून चार दिवस तिथे येई. कुत्र्यांना शिकवणे आणि त्यांचे मन रमवणे हे तिचे काम. ती सांगायची की बंद जाळीत पडून राहिलेला जीव पोटभर जेवला तरी हळूहळू विझत जातो. विझलेल्या कुत्र्याकडे कोणी पाहत नाही, आणि कोणी पाहत नाही म्हणून ते आणखी विझते. म्हणून ती डब्यात रस्सा गोठवून चाटायला देई, खोक्यांत खाऊ लपवून शोधायला लावी. एकदा तिने भीमाबाईंकडे जुने पोते आणि चिंध्या मागितल्या.

भीमाबाईंनी घरून आपल्या दोन विरलेल्या सुती साड्या आणल्या, एक हिरवी आणि एक पांढरी. त्यांच्या पट्ट्या फाडल्या. दोघींनी सळईने माझ्या अंगभर भोके पाडली, एकेक पट्टी ओवली आणि गाठ मारली. तीन दुपारी त्या कामात गेल्या. माझ्या अंगावर हिरवे-पांढरे दाट गवत उगवले. त्या गवतात उकडलेल्या कलेजीचे तुकडे लपवायचे आणि कुत्र्याने ते हुंगून हुंगून शोधायचे, असा तो खेळ.

निवाऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर विक्की हे सगळे पाहत होता. तो म्हणाला, "मावशी, कुत्र्यायसाठी गालिचा विणून राहिली का? आमच्या घरी तर चटईबी फाटली."

"तूबी हुंगून हुंगून जेवत जा," भीमाबाई म्हणाल्या. "तुह्यासाठीबी विणतो."

मला ज्या कुत्रीसाठी केले होते, तिचे नाव ठुमकी. काळी, एक कान फाटलेली. मोडलेला मागचा पाय वाकडा जुळून आला होता, म्हणून ती ठुमकत चाले. चार वर्षे ती तिथे होती. घर देऊ पाहणारी माणसे रविवारी येत, आणि त्यांची चाहूल लागली की ठुमकी कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून पडे. तिची पाठ पाहून माणसे पुढच्या जाळीकडे वळत.

भीमाबाईंना घाई होती. त्यांची लेक नीला कुहीला दिलेली. आईने आता काम सोडावे आणि दिवाळीपर्यंत आपल्याकडे राहायला यावे, असा तिने धोशा लावला होता. गुडघे तर नाही म्हणू देत नव्हते. पण नीलाच्या घरी कुत्रे चालणार नव्हते. ठुमकी फक्त भीमाबाईंच्या हातून खाई. एकदा माझ्यावर शेवटची गाठ मारताना त्या पायलला म्हणाल्या, "मी गेल्यावर हिले कोण पाहीन वं? ही उपाशी मरते, पोरी. दिवाळीच्या आंधी हिले घर पायजे."

मग रोजचा नेम सुरू झाला. पहिल्या दिवशी मला ठुमकीच्या कोपऱ्यात, अगदी भिंतीला लावून टाकले. तिने दोन दिवस माझ्याकडे पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी तिचे ओले नाक माझ्या गवतात शिरले. मित्रांनो, त्या क्षणापर्यंत मला ठाऊक नव्हते की आपण कोणाच्या उपयोगाचे आहोत. हुंगताना तिचा श्वास खोल व्हायचा, कान खाली यायचे आणि खाऊ संपल्यावर ती माझ्यावरच हनुवटी टेकून झोपायची. पायल मला रोज एक वीत पुढे सरकवी, एकच वीत. कधी ठुमकी घाबरली तर दोन विती मागे. एप्रिलमध्ये मी जाळीच्या मध्यावर होते, जूनमध्ये दाराशी, ऑगस्टमध्ये बाहेरच्या ओसरीवर. सप्टेंबरात मी पाहुण्यांच्या बाकापाशी पोहोचले आणि माझ्या मागोमाग ठुमकीही. अनोळखी माणसे समोर बसलेली असत आणि ती माझ्यावर बसून त्यांच्याकडे तोंड करून पाही. भीमाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत आणि पदराने डोळे पुसत. विचारले तर चुलीच्या धुराचे नाव सांगत. चूल गॅसची होती.

एवढ्या महिन्यांत मी मळून गेले होते. लाळ, कलेजीचा रस, तिचे केस, भीमाबाईंच्या हाताचा हळदीचा वास, सगळे माझ्यात मुरले होते. पायल मला फक्त झटकून उन्हात टाकी. सुरुवातीलाच तिने सांगून ठेवले होते, "मावशी, हे पाण्यात घालू नको." का, ते सांगायचे राहून गेले. भीमाबाईंना वाटले, भिजले की गाठी सुटतात म्हणून असेल.

सप्टेंबरच्या शेवटी वामनराव आले. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, तिथेच वसाहतीबाहेर छोटे घर बांधलेले. पत्नी भागीरथा दोन वर्षांपूर्वी गेली होती. ते बाकावर बसले आणि काठी बाजूला ठेवली. ठुमकीने त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकवली. ते पुढच्या रविवारी आले, त्याच्या पुढच्याही रविवारी आले. तिसऱ्या खेपेस पायलने विचारले, "काकाजी, मग कोणती नेता? तिकडं लहान पिल्लंबी आहेत."

"पिल्लू मले ओढत नेईन," वामनराव म्हणाले. "हे बरी आहे. हेबी लंगडते, मीबी लंगडतो. कोणी कोणाले हसणार नाही."

न्यायचा दिवस ठरला. पायलची त्या आठवड्यात परीक्षा होती. पोते ठुमकीसोबत द्यायला विसरू नको, एवढे तिने भीमाबाईंना फोनवर बजावले. भीमाबाई विसरल्या नाहीत. पण आदल्या सकाळी त्यांनी मला हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि त्यांना लाज वाटली. नीलाला त्यांनी सासरी धाडले, तेव्हा तिच्या पेटीतला रुमालसुद्धा धुऊन घडी केलेला होता. मग ही दुसरी लेक काय असल्या कळकट अंथरुणानिशी जायची? त्यांनी पाणी तापवले, सोडा घातला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसून मला घासले. शेवटी झाकणभर फिनाईलही घातले. गाठी सुटू नयेत म्हणून किती जपून घासले त्यांनी! सुटलेल्या चार गाठी पुन्हा घट्ट बांधल्या. गढूळ पाणी मोरीतून वाहून गेले, आणि त्याबरोबर सात महिने वाहून गेले. मला ओरडून सांगावेसे वाटत होते. पण पोत्याला तोंड असते, ते फक्त शिवण्यापुरते.

ऑक्टोबरच्या उन्हात मी वाळून कोरे करकरीत झाले. दुसऱ्या दिवशी ठुमकीने मला हुंगले, शिंकली आणि दोन पावले मागे सरली. भीमाबाईंनी तिला उचलून विक्कीच्या गाडीत ठेवले. त्यांना वाटले, आपल्याला सोडून जायचे म्हणून ती मागे सरते आहे.

खापरखेड्याला वामनरावांनी मला ओसरीवर अंथरले. वाकता येत नसताना वाकून पोळीचे तुकडे माझ्यात लपवले. ठुमकी आली नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडली. दोन दिवस तिने काही खाल्ले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वामनरावांनी दुधाची पिशवी घ्यायला फाटक उघडले आणि ठुमकी त्यांच्या पायांमधून निघून गेली. ती धावली नाही. ठुमकतच गेली, पण वळली नाही. वामनराव काठी टेकत मागे गेले. वळणापर्यंत जाईतो ती दिसेनाशी झाली होती.

पायल परीक्षा टाकून आली. भीमाबाई आल्या. विक्कीने गाडी घेऊन कोराडीपर्यंतचे रस्ते पालथे घातले. वामनराव घरोघरी विचारत फिरले. पायल म्हणाली, हरवलेले कुत्रे वासाच्या मागाने परत येते, फाटकाशी तिच्या वासाचे काही ठेवू या. तिने मला उचलून नाकाशी नेले आणि तशीच उभी राहिली.

"मावशी, हे धुतलं का?"

"धुतलं नं," भीमाबाई म्हणाल्या. "लेकीले मळक्या कपड्यात धाडतेत का वं?"

पायलने मला नाकापासून खाली घेतले. भीमाबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिले, मग मला तिच्या हातातून घेऊन स्वतः हुंगले. त्या खूप वेळ हुंगत होत्या. मला वाटते, एखादा तरी कण राहिला असेल म्हणून शोधत होत्या, ठुमकी शोधायची तशा. निवाऱ्यातली तिची जाळीही नव्या कुत्र्यासाठी धुऊन झाली होती. सगळ्या जगात तिचा वास कशालाच राहिला नव्हता.

मग भीमाबाईंनी अंगावरच्या साडीच्या पदराची एक पट्टी टर्रकन फाडली आणि माझ्या मधोमध बांधली. "माह्या वासानं तरी येईन," एवढेच म्हणाल्या. मला फाटकाबाहेर ठेवले आणि त्या फाटकाला टेकून बसल्या. पाच दिवस त्या तिथेच राहिल्या. वामनराव चहा करून आणत, दोघेही रस्त्याकडे पाहत बसत.

सहाव्या सकाळी माझ्यापासून दोन हातांवर ठसे दिसले. त्या भागात वीज केंद्राची बारीक राख सगळीकडे साचते, तिच्यात ठसा स्वच्छ उठतो. तीन ठसे खोल होते, चौथा नुसता टेकलेला. ती आली होती. हिरव्या-पांढऱ्या चिंध्या ओळखीच्या होत्या, एक पट्टी ओळखीची होती, पण बाकी सगळा फिनाईलचा वास. तिने तिथवर येऊन मान लांब केली असेल आणि परत फिरली असेल. ठसे डांबरी रस्त्यापर्यंत होते. पुढे काही नव्हते.

ठुमकी पुन्हा कोणाला दिसली नाही.

भीमाबाई दिवाळीनंतर कुहीला गेल्या. नीला सांगते, आई आता धुणे धुवायला बसत नाही. सकाळी अंगणाबाहेर भाताचा गोळा ठेवते आणि कोण खाते ते पाहत बसते. विक्की अजूनही गाडी चालवतो आणि काळे कुत्रे दिसले की वेग कमी करतो. पायल तिथेच शिकवते. निवाऱ्यातून घरी जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्याबरोबर ती आता त्याचे मळके फडके पिशवीत घालून देते, आणि ते का धुवायचे नाही, हेही शेवटपर्यंत सांगते. वामनरावांकडे तिने पुढच्या वर्षी एक म्हातारा कुत्रा आणून सोडला. तो त्याच्या घाणेरड्या गोणपाटावर पहिल्याच दिवशी घोरत झोपला. वामनराव त्याच्यावर माया करतात, पण सकाळी दूध घेतल्यावर फाटक थोडा वेळ उघडे ठेवतात. म्हातारा कुत्रा कुठे जात नाही.

आणि मी त्याच ओसरीच्या कडेला आहे. मित्रांनो, तुम्ही एखादा मुका जीव घरी आणाल, तेव्हा त्याला नवे अंथरूण जरूर घ्या. पण त्याचे जुने, मळके, वास मारणारे जे काही असेल, तेही मागून घ्या आणि काही दिवस तसेच राहू द्या. आपल्याला जी घाण दिसते, तेच कधीकधी त्याचे घर असते. भीमाबाईंना हे कोणी सांगितले असते, तर त्यांनी मला पाण्याला शिवू दिले नसते. माया त्यांची कमी नव्हती.

आणखी एक सांगते. खापरखेड्याकडे कधी आलात आणि पावसाची झड ओसरीत येताना दिसली, तर मला जरा आत ओढा. भीमाबाईंच्या पदराची ती मधली पट्टी अजून कोरडी आहे.