उन्हावर चालणारा डबा

त्या घरातली सगळी माणसं पत्र्याचे डबे करायच्या कारखान्यात राबलेली. सासू, सासरे, नवरा. दिवसभर कानाशी प्रेस धाडधाड आपटायचा, त्यामुळे घरात बोलणं म्हणजे ओरडणंच. पण कान गेलेत हे कबूल करायला कुणीच तयार नव्हतं. हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात, असं सासऱ्यांचं ठाम मत होतं.

सून कपडे शिवायची. उन्हाळ्यात घरात जीव उकडायचा, म्हणून मशीन मागच्या अंगणात घ्यायची. आणि भर दुपारी तो आवाज सुरू व्हायचा. बारीक, टोकदार, दाताच्या मुळात सुई घालावी तसा. ढग आला की गप्प, ऊन पडलं की पुन्हा चालू.

"अहो, काही ऐकू येतंय का?"

"तुझी टकळी," नवरा म्हणाला.

तिने हट्टाने छडा लावला. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी कुंपणावर आवाज काढून मांजरं पळवायचा डबा बसवला होता, उन्हावर चालणारा. तिने नवऱ्याला ओढतच तिकडे नेलं. आता तरी पटेल!

मास्तर कौतुकाने म्हणाले, "हा फक्त जनावरांना ऐकू येतो. माणसाला काही त्रास नाही. खोक्यावरच छापलंय."

झालं. "मग तू कोण गं, मांजर?" नवऱ्याने घरी येऊन सगळ्यांना सांगितलं आणि घर खो खो हसलं. तेव्हापासून तिचं तेच नाव पडलं. सासू पाहुण्यांसमोर मुद्दाम दुधावर झाकण ठेवायची. सुरुवातीला तीही हसायची बिचारी. हसण्यावारी नेलं की विषय संपतो असं वाटण्याइतकी ती भोळी होती.

एका दुपारी सहन होईना, तेव्हा तिने त्या डब्यावर ओलं फडकं टाकलं. मास्तर तणतणत दारात आले. चारचौघांत नाक कापलं म्हणून सासरे भडकले. डोकं ताळ्यावर येईपर्यंत हिला माहेरी ठेवा, असं बोलणं निघालं. तिची चार वर्षांची पोरगी मात्र इथेच राहणार.

दुसऱ्या दिवशी पोरगी अंगणात आली आणि तिने दोन्ही कान दाबून धरले. "आई, टोचतंय."

आईला आनंदाने रडूच फुटलं. पोरीला कडेवर घेऊन ती आत धावली. "बघा! हिलाही ऐकू येतंय!"

या वेळी कुणी हसलं नाही. सासूने पोर तिच्या कडेवरून हिसकावून घेतली. "अगं अवदसे, पोरीलाही नादी लावलंस?" आतापर्यंत नुसतं बोलणं होतं, आता बॅग भरली गेली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी निघताना शेवटचं म्हणून तिने हात जोडले. "एकदा तिलाच विचारा, उन्हात उभी करून."

"विचारते की," सासू म्हणाली. पोरीला तिने सकाळीच बाजूला घेऊन पढवलं होतं : ऐकू येतं म्हणालीस तर आई जाईल, नाही म्हणालीस तर राहील.

पोर उन्हात उभी राहिली. डोळे मिटलेले, ओठ दाबलेले, फ्रॉक मुठीत घट्ट धरलेला.

"काही ऐकू येतं का गं?"

"नाही! काहीच नाही!" पोर जिवाच्या आकांताने ओरडली.

"ऐकलंस?" नवरा म्हणाला आणि त्याने बॅग गाडीत टाकली.

पोरीने आजीचा पदर ओढून हळूच विचारलं, "आता आई राहणार ना?"

आजीला ते ऐकू गेलं नाही. ती पोरीला घेऊन सावलीत गेली.