लढवय्याला रिलीव्हर नाही

गेममधला जादूगार बनवायला सगळे तयार असतात. साधा लढवय्या कुणालाच नको असतो. ताथवड्याच्या आमच्या ऑफिसात जादूगार अजिंक्यने स्वतःकडे ठेवला, कारण तो मालक. तिरंदाज उत्कर्षाला मिळाला, कारण ती चित्रं सुरेख काढते. उरलेला लढवय्या माझ्या गळ्यात पडला. नवा खेळाडू आला की त्याला एक तलवार, एक ढाल आणि हे ध्यान फुकट द्यायचं.

"फार डोकं लावू नको, प्रितम," अजिंक्य म्हणाला. "दोन दिवसांत लोकांनी कंटाळून दुसरा विकत घेतला पाहिजे."

थोडक्यात, कंटाळवाणा माणूस बनवायचा पगार मला मिळत होता.

त्याच सुमारास घरी अण्णांचं विसरणं हाताबाहेर चाललं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील, किसन. चाकणच्या एका कंपनीत, पत्रा दाबणाऱ्या मशिनवर, प्रेस शॉपमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले. आधी ते चष्मा विसरले, मग पिंपळे गुरवमधली आमची गल्ली, मग मला. आईला ओळखायचे, मला मात्र "साहेब" म्हणायचे. एप्रिलात जयंती झाली तेव्हापासून त्यांच्या तोंडून माझं नाव निघालं नव्हतं. पोटच्या पोराला बाप साहेब म्हणून खुर्ची पुढे करतो, तेव्हा त्या खुर्चीत बसवत नाही.

रोज सकाळी ते बूट घालून फर्स्ट शिफ्टला निघायचे. आई दार लावून घ्यायची आणि ते दाराशी झटत राहायचे. एकदा आईचा डोळा चुकवून गेले, ते थेट पुनावळ्याला हायवेच्या कडेला सापडले. कंपनीच्या बसला हात करत होते, आणि समोरून कंटेनर जात होते. पुन्हा असे गेले तर परत येणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

म्हणून मी आमचा अर्धवट गेम त्यांच्या फोनवर टाकला. निदान हात गुंतून राहतील म्हणून. बाकीचे चाचणीवाले लढवय्या हाती आला की जंगलात राक्षस मारायला पळत. अण्णांनी त्यांचा लढवय्या किल्ल्याच्या दरवाजापाशी नेला आणि तिथेच उभा केला. स्वतः सोफ्यावर ताठ बसले, फोन दोन्ही हातांत. आई चहाला बोलवायला गेली तर म्हणाले, "ड्युटीवर हाय."

त्या दिवशी दाराशी झटापट झाली नाही. पण जो हलत नाही त्याला गेम थोड्या वेळाने बाहेर काढतो, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. पडद्यावरून लढवय्या गेला आणि अण्णा रडायला लागले. "गेट बंद केलं मला," म्हणत होते. कंपनी कामगाराला आत घ्यायचं थांबवते त्याला गेट बंद म्हणतात. उभ्या जन्मात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मग मी लढवय्यात डोकं घातलं. त्याला नवा नियम दिला: पहाऱ्यावर उभा असलेल्याला कुणी बाहेर काढणार नाही, आणि जितका उभा राहील तितकी त्याची ढाल भक्कम होईल. अण्णा खूश झाले. इतके, की उठेचनात. शिफ्ट सुटायची वेळ टळली, ताट गार झालं, तरी हलायला तयार नाहीत.

"रिलीव्हर आला न्हाई," ते म्हणाले.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, मशिनपाशी येऊन उभा राहिल्याशिवाय त्यांच्या शॉपमध्ये कुणी जागा सोडत नसे. तो आला नाही तर डबल ड्युटी करायची. अण्णांचा रिलीव्हर ज्योतीराम. मराठवाड्यातून आलेला, बोलायला मोठा गमत्या. कोरोनात गेला बिचारा.

मी लढवय्याला दुसरा नियम दिला. दुसऱ्या लढवय्याने शेजारी येऊन ढालीवर ढाल आपटली की पहारा त्याच्याकडे जाणार आणि पहिला मोकळा होणार. मग एक लढवय्या बनवून त्याच्या डोक्यावर 'ज्योतीराम' असं नाव लिहिलं. दुपारी ऑफिसातल्या माझ्या टेबलावरूनच त्याला दरवाजापाशी चालवत नेलं आणि ढाल आपटली.

आईचा फोन आला. "उठले रे. म्हणाले, ज्योतीराम, तेल बघून घे. जेवायला बसलेत."

मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. त्यानंतर रोज दुपारी हातातलं काम टाकून मी ज्योतीराम होत होतो. बापाला घरी आणायचा तेवढा एकच रस्ता मला सापडला होता.

अजिंक्यने ते पाहिलं. "उभं राहायला कोण खेळतं राव?"

मी त्याला सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही, मला चहा पाजला. पण ज्या कंपनीने आमचा गेम विकत घेतला, तिला पहिल्या क्षणापासून पळणारा लढवय्या हवा होता. नव्या गेममधून पहारा गेला, ज्योतीराम गेला, जुना गेम ज्या यंत्रांवर चालायचा तीही बंद होणार असं ठरलं.

"एक कॉपी घरापुरती चालू ठेवतो," मी म्हणालो.

"भावा, ते आता आपलं राहिलं नाही." त्याने नजर दुसरीकडे वळवली. मी तिथे हातापाया पडायला हवं होतं. पडलोही असतो, पण त्याच्या हातात खरंच काही नव्हतं.

जुना गेम बंद झाला त्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. मी बाइक काढून निघालो. अण्णा दारात उभे होते, आतल्या बाजूला, काळा पडलेला फोन छातीशी धरून. सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. पाय सुजले होते. आई त्यांच्यामागे खुर्ची धरून उभी होती, पडले तर सावरता यावं म्हणून.

"अहो, सुटली शिफ्ट," आई म्हणत होती.

"रिलीव्हर कुठंय?"

आता ज्योतीराम कुठून आणणार? मी आत शिरलो, रोज त्याला उभा करायचो तसा अण्णांच्या शेजारी उभा राहिलो आणि त्यांच्या फोनवर माझा फोन हलकेच आपटला.

"मी आलोय रिलीव्हर. ज्योतीराम आज सुट्टीवर आहे. तुम्ही जा, जेवा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि हळूहळू सुटल्या.

"प्रितम?"

आईच्या हातातली खुर्ची जमिनीवर टेकली. इतक्या महिन्यांनी बापाने नाव घेतलं होतं. ज्योतीराम, शिफ्ट, सगळं विसरून मी म्हणालो, "हो अण्णा. मीच."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू हितं कसा? कुणी आत घेतलं तुला?"

"अण्णा, मी फक्त..."

"कॉलेज सोडलं व्हय?" त्यांचा आवाज फाटला. "आरं, मग मी कशापायी उभा राह्यलो हितं? तू या मशिनवर येऊ न्हाई म्हणून ना?"

त्यांनी दोन्ही हात माझ्या छातीवर ठेवले आणि ढकललं. एवढी ताकद त्यांच्यात अजून असेल असं वाटलं नव्हतं. मी जिन्यात येऊन पडलो.

"जा घरी. अभ्यासाला बस. आईला सांग, मी डबल करतो आज."

त्यांनी दार लावून घेतलं. आत आई म्हणत होती, बसा हो, जरा तरी बसा. मी दार वाजवलं, अण्णांना हाका मारल्या. पलीकडून त्यांनी एकदाच उत्तर दिलं, दमलेल्या आवाजात, की रिलीव्हर आल्याशिवाय हे दार उघडायचं नसतं.